मेणा दरवाजातून आत कोण जायचं?



रायगडाच्या पायथ्याशी एक वाक्य हमखास ऐकू येतं. कुणी कुबड्या घेऊन आलेला असतो, कुणी आईला व्हीलचेअरवर घेऊन रोपवेच्या रांगेत उभा असतो. मागून कुणीतरी म्हणतं, "झेपत नाही तर गडावर कशाला यायचं? गड काय फिरायची बाग आहे?" म्हणणारा वाईट माणूस नसतो बरं का. गडावर त्याचं प्रेम असतं. गड म्हणजे कष्ट, गड म्हणजे छाती फुटेपर्यंत चढण, अशी त्याची श्रद्धा असते. आज मला या श्रद्धेबद्दलच बोलायचं आहे, कारण तिला इतिहासाचा आधार नाही.

गड अवघड होता हे खरंच. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंची, बाजूंनी तुटलेले कडे. पायऱ्या मोजणारे चौदाशेपासून सतराशेपर्यंत आकडे सांगतात, जो तो आपल्या दमाप्रमाणे. पण ही अवघड वाट शत्रूसाठी होती. घरच्या माणसासाठी नव्हती. राजधानी म्हटली की तिथे म्हातारी माणसं आली, बाळंतिणी आल्या, आजारी आले, लढाईत हातपाय गमावलेले आले. ही सगळी माणसं वर काय उड्या मारत जात होती?

उत्तर गडावरच आहे, दगडात. बालेकिल्ल्याच्या दरवाजांची नावं आठवा. एक पालखी दरवाजा, एक मेणा दरवाजा. पालखी आपल्याला माहीत आहे. मेणा म्हणजे चारी बाजूंनी झाकलेली पालखी, राजघराण्यातल्या बायकांसाठीची. पालखी दरवाजातून आत गेलं की थोडा चढउतार असलेली एक सरळ वाट मेणा दरवाजापर्यंत जाते. तिच्या उजव्या हाताला राण्यांच्या महालांचे चौथरे आहेत. म्हणजे राजधानीच्या ऐन गाभ्यातले दोन दरवाजे स्वतःच्या पायाने न येणाऱ्या माणसांच्या वाहनावरून ओळखले जातात. महादरवाजाचं कौतुक आपण करतो आणि ते करायलाच हवं. पण या दोन नावांकडे जरा थांबून बघत नाही.

आणि पालखी ही लाजेची गोष्ट नव्हती, तो मान होता. पालखीचा मान मिळाला की सरदाराच्या सात पिढ्या ते सांगत. आज तोच माणूस दुसऱ्याच्या आधाराने वर गेला तर आपण म्हणतो, "बिचारा." वर नेणारे खांदे तेव्हाही होते, आताही आहेत. बदलली ती बघणाऱ्याची नजर.

आता जिजाऊसाहेबांकडे या. जन्म १५९८ चा. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला तेव्हा त्यांचं वय होतं ७६. त्या सोहळ्याला गडावर होत्या. पण गडावरची थंड, वाऱ्याची हवा त्यांना मानवत नव्हती, म्हणून महाराजांनी पायथ्याला पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला होता. आजही त्याचे अवशेष उभे आहेत. तिथल्या विहिरीला 'तक्क्याची विहीर' म्हणतात, कारण तिच्यावर टेकून बसायला दगडी तक्क्या केलेला आहे. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ ला, जिजाऊ पाचाडलाच गेल्या. समाधीही तिथेच आहे.

हा प्रसंग आपण शाळेत वाचलेला असतो, पण त्याचा अर्थ कधी लावत नाही. एका मुलाने आईला असं सांगितलं नाही की गडाची हवा सोसत नसेल तर ती तुझी अडचण. त्याने वाडा बांधला. आणि सोहळ्याला ती वर हवीच होती, म्हणून ती वर आली. शहात्तराव्या वर्षी ती एवढ्या पायऱ्या पायी चढली असेल असं मला तरी वाटत नाही. पालखीच असणार.

शत्रूच्या बाजूचंही एक उदाहरण देतो. काहींना रुचणार नाही, पण इतिहास आहे. १७०० च्या पावसाळ्याअखेर माण नदीकाठी खवासपूरला औरंगजेबाच्या छावणीत रात्री पूर शिरला. त्या गडबडीत बादशहा पडला आणि त्याचा गुडघा निखळला. तो नीट बसलाच नाही, मरेपर्यंत बादशहा लंगडत राहिला. दरबारी मंडळींनी लगेच, हा तर तैमूरलंगाचा वारसा, अशी मखलाशी केली. खुशामतखोर सगळ्या काळात सारखेच! तर हा ८२-८३ वर्षांचा, पायाने अधू झालेला म्हातारा त्यानंतरही पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असा गडांमागे फिरत होता. पालखीतून, तख्तरवानातून. शत्रू म्हणून त्याला काय म्हणायचं ते म्हणा, पण "झेपत नाही तर गडाकडे कशाला यायचं" असं त्याला कुणी म्हटल्याची नोंद नाही.

राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर होता. त्याला सगळ्यात जास्त नवल कशाचं वाटलं? हत्तींचं. एवढ्या उंच, असल्या वाटेने हे हत्ती वर आले तरी कसे! गडावर हत्ती तलाव आहे तो उगाच नाही. हत्ती वर गेले. आणि साडेतीनशे वर्षांनी आपण व्हीलचेअर वर कशी न्यायची म्हणून डोकं खाजवतोय.

बरं, वर नेण्याचा अर्धा प्रश्न सुटलेलाही आहे. पूर्वी चालता न येणाऱ्यांना डोलीतून न्यायचे. १९९६ ला हिरकणीवाडीहून रोपवे सुरू झाला. साधारण साडेसातशे मीटर लांबीचा दोर, चारशे मीटरच्या आसपास चढ, आणि चार-पाच मिनिटांत माणूस वर. हिरकणीची दंतकथा ज्या बाजूच्या कड्याची सांगतात, त्याच बाजूला आज रोपवे आहे. तेव्हाही ओरड झाली होती, गडाचं पावित्र्य जाईल वगैरे. आज ओरडणाऱ्यांचेही आईवडील रोपवेनेच जातात.

अडचण त्या चार मिनिटांनंतर सुरू होते. वरच्या स्टेशनातून बाहेर पडलं की पायऱ्या. त्या चढायच्या आणि मग कुठल्या दरवाजातून आत जायचं? मेणा दरवाजातून! ज्या दरवाजाला मेण्याचं नाव आहे, त्याच्याच तोंडाशी व्हीलचेअर अडते. याहून बोचरी गोष्ट कुणी मुद्दाम रचूनही सांगितली नसती.

आणि हा टप्पा पार झाला की पुढे गड तसा दयाळू आहे. होळीचा माळ मोकळा, सपाट. बाजारपेठेच्या दोन रांगांमधला रस्ता चांगला रुंद. त्या चौथऱ्यांची उंची घोड्यावर बसून खरेदी करता यावी म्हणून ठेवली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ती दुकानं नव्हतीच, घरं होती, असंही अभ्यासक म्हणतात, त्या वादात पडत नाही. पण लोकांना ही गोष्ट आवडते, कारण तिच्यात गिऱ्हाईक जसं येईल तशी उंची ठेवलेली आहे.

आता कायद्याचं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरलेत, म्हणजे हा विषय फक्त व्हीलचेअरचा नाही. आधीपासून असलेल्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या असं त्यात म्हटलंय, आणि सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत सांस्कृतिक वापराच्या जागाही येतात. ती मुदत कधीच उलटून गेली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगमतेचे नियम नुसते सल्ल्यासारखे ठेवून चालणार नाही, किमान काही गोष्टी बंधनकारक कराव्याच लागतील. जुलै २०२५ मध्ये रायगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आपण फटाके वाजवले, स्टेटस ठेवले. वारसा जगाचा झाला, पण आपल्याच तालुक्यातल्या पोलिओ झालेल्या माणसाचा झाला का?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. मूळ वास्तूला हात लावायचा नाही. मान्य, शंभर टक्के मान्य. रायगड पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिथे सिमेंट ओतायला कुणीच सांगत नाहीये. चित दरवाजाच्या वाटेवर रॅम्प करा असंही कुणी म्हणत नाही. पण दगडाला न लागता वरून ठेवता येईल आणि उद्या काढून नेता येईल असा लाकडी किंवा लोखंडी मार्ग हा काही नवा शोध नाही. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले होते. त्यांच्यासाठी कुतुबमिनार, लाल किल्ला, हुमायूनची कबर, जंतरमंतर इथे लाकडी रॅम्प टाकले गेले. म्हणजे करायचं ठरवलं की होतं. मात्र ते रॅम्प तात्पुरते होते, पाहुण्यापुरते. तेव्हा दिव्यांगांच्या चळवळीतले जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवाज उठवला, की हॉकिंगना जे मिळालं ते आम्हाला का नाही?

अस्सलपणाचा वाद जपानातही पेटलाय. नागोया किल्ल्याचा मूळ लाकडी मनोरा १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाला. १९५९ ला काँक्रीटचा बांधला, त्यात लिफ्ट होती. मग शहराने ठरवलं की तो पाडून जुन्यासारखा हुबेहूब लाकडी बांधायचा, आणि जुन्यात लिफ्ट नव्हती म्हणून नव्यातही नको. दिव्यांग संघटना रस्त्यावर आल्या. २०२३ मध्ये याच विषयावरच्या नागरिकांच्या सभेत लिफ्ट मागणाऱ्यांना अपमानास्पद शब्द ऐकावे लागले आणि महापौरांना माफी मागावी लागली. अग्निशमनाची सोय आणि भूकंपाचा विचार नव्या बांधकामात चालतो, तिथे अस्सलपणा आड येत नाही. लिफ्टशीच तो आठवतो.

आपल्याकडे उचलून नेतो ना आम्ही, चार पोरं आहेत, असंही म्हणतात. पोरं चांगली आहेत, शंकाच नाही. पण पोत्यासारखं उचललं जाणं आणि मेण्यातून जाणं यात फरक आहे. ज्याला आपली खुर्ची आपल्या हाताने ढकलता येते, त्याला तुमचे खांदे नकोत, वाट हवी.

आणि जे डोळ्यांनी बघू शकत नाहीत त्यांच्यासाठी तर रायगड आधीच बोलतोय. राजसभा २२० फूट लांब. नगारखान्याच्या दारात हळू आवाजात बोललेलं सिंहासनाच्या जागी ऐकू येतं. हे ऐकायला डोळे लागत नाहीत. जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांनी आपलं नाव कोरलंय. त्या शिलालेखाची हुबेहूब प्रतिकृती हाताच्या उंचीवर ठेवली, तर अंध पोरगं बोटाने ती अक्षरं वाचेल. गडाची हाताने चाचपता येईल अशी एक छोटी प्रतिकृती आणि सोबत ब्रेलमधली माहिती. याला किती खर्च येतो? रायगडासाठी सहाशे कोटींच्या पुढचा आराखडा आहे म्हणतात, त्यातला चिमूटभर.

तर एक काम. येत्या महिन्यात रोपवेने वर जाल तेव्हा वरच्या स्टेशनपासून मेणा दरवाजापर्यंतच्या पायऱ्या मोजा. प्रत्येक पायरीची उंची टेपने घ्या, वाटेत अरुंद जागा कुठे आहे त्याचा फोटो काढा. शक्य असेल तर व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्या मित्राला सोबत न्या, कारण आपल्याला जे दिसत नाही ते त्याला दिसतं. सगळं मला पाठवा. पुरातत्त्व खातं आणि रायगड विकास प्राधिकरण, दोघांना अर्ज द्यायचा आहे, आणि तो भावनेवर नाही, मोजमापावर द्यायचा आहे. ६ जूनच्या गर्दीत जाऊ नका, टेप धरायला जागा मिळणार नाही.