फॉर्मिक ॲसिड: रबराचा चीक गोठवणारं आम्ल, उपयोग, गुणधर्म आणि घ्यायची काळजी

दोडामार्ग, सावंतवाडीपासून गोव्यातील सत्तरी, सांगेपर्यंत रबराच्या बागा उभ्या आहेत. बाग तिथे चीक, आणि चीक तिथे फॉर्मिक ॲसिडचा कॅन. रोज हाताळलं जात असल्यामुळे त्याची भीती राहत नाही, आणि घात तिथेच होतो.

हे नेमकं काय आहे?
सर्वांत साधं सेंद्रिय आम्ल. सूत्र HCOOH. रंगहीन, नाकात झोंबणाऱ्या वासाचं, पाण्यात पूर्ण मिसळणारं. शुद्ध आम्ल सुमारे 101 अंश सेल्सिअसला उकळतं आणि 8 अंशांच्या आसपास गोठतं. लॅटिनमध्ये मुंगीला ‘फॉर्मिका’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. 17व्या शतकात इंग्लंडच्या जॉन रे यांनी मुंग्यांचं ऊर्ध्वपातन करून ते वेगळं केलं. आंब्या-काजूवरच्या लाल मुंग्या चावल्यावर होणाऱ्या आगीमागेही हेच आम्ल असतं.

उपयोग
चिकातले रबराचे कण ऋण विद्युतभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. आम्ल घातलं की तो भार नाहीसा होतो, कण एकत्र येतात आणि दूध विरजावं तसा चीक गोठतो. मग रोलरमधून काढून शीट तयार होते. स्वस्त पडतं म्हणून काही जण सल्फ्युरिक ॲसिड वापरतात; पण ते जास्त झालं किंवा नीट धुतलं गेलं नाही तर शीटचा दर्जा घसरतो.
याशिवाय चामडं कमावणं, कापड रंगवणं, जनावरांचा मुरघास टिकवणं, मधमाश्यांवरील व्हॅरोआ माइटचा बंदोबस्त अशा कामांतही ते लागतं.

पातळ कसं करायचं?
बाजारातलं आम्ल बहुधा 85 टक्क्यांचं असतं. त्यातलं 5 मिली एक लिटर पाण्यात घातलं की साधारण अर्ध्या टक्क्याचं द्रावण होतं. नियम एकच: आधी पाणी, मग त्यात हळूहळू आम्ल. उलटं कधीच नको. रबरी हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच.

साठवण
मूळ कॅनमध्ये, लेबलसकट, सावलीत आणि कुलपात ठेवा. लोखंडी डब्यात ओतू नका. तीव्र आम्लातून हळूहळू कार्बन मोनॉक्साईड वायू सुटतो. त्यामुळे हवा खेळती ठेवा. ब्लीचिंग पावडर आणि सल्फ्युरिक ॲसिड जवळ नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरू नका. केरळच्या रबर पट्ट्यात हे आम्ल पोटात गेल्याची अनेक प्रकरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. त्यात अन्ननलिका भाजते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, जीवही जातो.

अपघात झाला तर
• अंगावर सांडलं: भिजलेले कपडे लगेच काढा, भरपूर वाहत्या पाण्याने 15 ते 20 मिनिटं धुवा. त्यावर खायचा सोडा चोळू नका.
• डोळ्यात गेलं: पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ धुवा आणि दवाखाना गाठा.
• पोटात गेलं: उलटी करवू नका. बेशुद्ध माणसाला तोंडाने काहीच देऊ नका.
• वाफ लागली: मोकळ्या हवेत न्या. खोकला, धाप राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक, तिन्हीकडे रुग्णवाहिकेसाठी 108 चालतो. दवाखान्यात जाताना कॅनवरच्या लेबलचा फोटो सोबत ठेवा. डॉक्टरांचा वेळ वाचतो.