उच्छ्वासाची कुळकथा

पुण्याच्या दक्षिणेस कात्रजच्या डोंगराखाली नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास तलाव बांधण्याचे काम हाती घेतले आणि तेथून माणसाला आत उतरून चालता येईल अशी चुनेगच्ची नहर जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत आणविली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु त्या नहरेच्या वाटेवर ठिकठिकाणी भूपृष्ठावर डोके काढून उभ्या असलेल्या ज्या दगडी बांधकामांना उच्छ्वास म्हणतात, त्यांच्या कुळाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद अशी नावे मिळाल्यामुळे हौदांचा पेठांशी ऋणानुबंध जुळला, वाटा सांगताना त्यांचा उल्लेख होत राहिला. उच्छ्वास बिचारे निनावीच राहिले.

झाकल्या मार्गाने वाहणाऱ्या पाण्याबरोबर हवाही आत शिरते आणि चढउतारांच्या जागी कोंडून बसते. ती बाहेर पडण्याची तजवीज न केल्यास प्रवाह अडतो, आणि मार्ग खापरी नळांचा असेल तर साचलेल्या दाबाने नळ फुटतात. उच्छ्वास ही कोंडी फोडतो. त्यातून खाली उतरून गाळ उपसता येतो, आणि लागोपाठच्या दोन उच्छ्वासांत पाण्याची पातळी कशी आहे एवढे पाहून गळती कोणत्या टप्प्यात आहे याचा अदमास, एक फरशीही न उखडता, जाणत्या कारागिरास बांधता येतो. म्हणजे एकच बांधकाम नहरेचे नाक, दार आणि तपासनीस अशा तिन्ही नात्यांनी राबते.

या वस्तूची वंशावळ मांडू गेल्यास तिला दोन घराणी सापडतात, आणि ती एकमेकांत मिसळली जाऊ नयेत असे मला वाटते. पहिले घराणे इराणी कनातीचे. डोंगराच्या पायथ्याशी भूगर्भातील पाणी गाठून ते केवळ उताराच्या बळावर गावापर्यंत आणणाऱ्या या भुयारावर ठराविक अंतराने विहिरीसारखी विवरे असतात. भुयार खोदताना माती काढण्यास आणि पुढे दुरुस्तीस व वायुवीजनास ती उपयोगी पडतात. सातपुड्याच्या पायथ्याशी बुऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास झालेला कुंडी भंडारा हा याच घराण्यातला. दुसरे घराणे मनोऱ्यांचे, म्हणजे खोलगट प्रदेश ओलांडून बंद नळातून जाणाऱ्या पाण्याला मध्येच उंच चढवून, माथ्यावरच्या लहानशा कुंडात मोकळे करून पुन्हा खाली सोडणाऱ्या स्तंभांचे. रोमन स्थपती विट्रूव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या आठव्या भागात अशा नळांतील वाऱ्याचा जोर मोडण्याच्या योजनेचा विचार केला आहे. पाँपेई नगरात जलस्तंभ होते, उस्मानी तुर्कांच्या इस्तंबूलमध्येही ते होते, आणि विजापुरात बेगम तलावाचे पाणी शहरात आणताना १६५१ च्या सुमारास उभारलेले ‘गंज’ आजही पाहावयास मिळतात.

मलिक अंबराच्या खडकीत, म्हणजे पुढील औरंगाबाद आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरात, या दोन्ही घराण्यांची सोयरीक झालेली दिसते. हबशी कुळात जन्मलेला, गुलाम म्हणून बगदादच्या बाजारातून दख्खनेत आलेला आणि निजामशाहीचा वजीर झालेला हा पुरुष ज्या अहमदनगरच्या दरबारात वाढला, तेथे खापरी नळांनी दूरचे पाणी आणण्याची विद्या आधीच रुजलेली होती. त्याच्या नहर-ए-अंबरीने भुयारात जमिनीखालचे पाणी गोळा केले आणि शहरात ते खापरी नळांनी वाटले. त्या शहराच्या जलव्यवस्थेत मनोऱ्यांचीही योजना आहे. पुण्याच्या उच्छ्वासाची ठेवण या मनोऱ्यांहून ठेंगणी, कारण कात्रजची नहर प्रशस्त व उताराची, तिच्यात दाब असा बेताचाच. तथापि दख्खनेतील या दीर्घ परंपरेपासून पुण्याच्या कारागिरांना अगदी अलग मानण्याचे धाडस मी करणार नाही.

१८७९ च्या सुमारास खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि नहरेची गरज हळूहळू सरली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून खडकवासलाही गेले, तेव्हा कोरड्या पडलेल्या नळांपुढे हतबल झालेल्या शहरास जुन्या विहिरी व हौद आठवले; त्यानंतर ते पुन्हा विस्मरणात गेले.

आपल्याकडील जतनाची रीत दिसणाऱ्या वास्तूपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. वाड्याचे दरवाजे राखले जातात, हौदाला कठडा बसतो; परंतु नहर ही मुळात एका अखंड उताराची राखण आहे, आणि मध्ये एखाद्या इमारतीच्या पायाने तो उतार तोडल्यावर दोन्ही टोके कितीही सजविली तरी तिचे पाणी परत येत नाही. तलावाचे पाणलोट क्षेत्रही तिच्याच मालमत्तेत मोजावे लागते, मग त्यावर घरे कोणाचीही असोत. या कामी उरलेले उच्छ्वास फार मोलाचे साक्षीदार आहेत. प्रत्येकाची जागा, माथ्याची उंची आणि तळाची पातळी मोजून घेतली, तर मधला मार्ग रस्त्याखाली कोठून जातो हे नकाशावर बऱ्याच अंशी रेखता येईल, आणि तो नकाशा संग्रहालयाच्या भिंतीपेक्षा, उद्या त्याच रस्त्यावर चर खणण्याचा परवाना देणाऱ्या कचेरीच्या टेबलावर आधी पोहोचला पाहिजे.