कूपे, डिकी आणि हेराल्ड

'कूपे' हा शब्द मी प्रथम ऐकला तो मोटारीच्या नव्हे, आगगाडीच्या संदर्भात. आमच्या हिवरखेडवरून अकोला-खंडवा मीटरगेज जात असे. पहिल्या वर्गाच्या डब्यात चार बर्थच्या खोल्यांबरोबर एखादी दोन बर्थची छोटी खोली असते, तिला कूपे म्हणतात, असे वडिलांनी एकदा फलाटावर उभ्या उभ्या सांगितले होते. त्या खोलीत बसण्याचा योग कधी आला नाही. पुढे जुन्या मोटारींच्या इतिहासाचे वेड लागले, तेव्हा तोच शब्द वेगळ्या पोशाखात भेटला. फ्रेंच भाषेत 'कूपे' म्हणजे कापलेला. चौघांनी समोरासमोर बसायच्या बंद बग्गीचा पुढचा भाग कापून टाकला की दोघांपुरती बग्गी उरते, ती कूपे. आगगाडीतली दोघांची खोली आणि दोन दारांची, मागे छप्पर उतरत गेलेली मोटार या दोन्हींचे मूळ हेच.

आपल्या भागात असल्या मोटारींचा इतिहास शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती प्रथम शब्दच लागतात. आज प्रत्येक गाडीच्या मागच्या सामानाच्या जागेला आपण 'डिकी' म्हणतो. ही डिकी मुळात सामानाची नव्हती. १९२०-३० च्या काळातल्या दोन आसनी गाड्यांच्या पाठीत एक झाकण असे. ते मागे उघडले की त्याचीच पाठ होऊन दोघांना बसायची जागा तयार होई. तिला इंग्रजीत 'डिकी सीट' म्हणत. मालक छपराखाली बसत आणि डिकीतली मंडळी उन्हाधुळीत. ज्यांनी कापसाच्या हंगामात वऱ्हाडातला कच्चा रस्ता पाहिला आहे, त्यांना त्या बैठकीचे सुख वेगळे सांगायला नको. पुढे ती बैठक गेली, तिथे सामान आले, पण नाव टिकले. 'स्टेपनी'चेही तसेच. वेल्समधल्या लॅनेली गावातल्या स्टेपनी रस्त्यावरून जादा चाकाचे ते नाव पडले आणि आपल्या मिस्त्रींनी ते घरचे करून टाकले. दोन आसनी गाडी गेली आणि तिची डिकी आपल्या बोलण्यात राहिली.

ती गाडी गेली का, याचे उत्तर कारखान्यांच्या इतिहासात आहे. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने येत आणि इथे गाडी उभी राही. तेव्हा ग्राहकाला निवड होती. स्वातंत्र्यानंतर धोरण बदलले. १९४९ साली तयार गाड्यांची आयात बंद झाली. १९५३ साली सरकारने ठरवले की, ज्यांच्याकडे इथेच टप्प्याटप्प्याने गाडी बनवण्याची योजना आहे, त्यांनीच या धंद्यात राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. साठच्या दशकात साध्या घरगुती ग्राहकासमोर उरल्या त्या मुख्यतः तीन गाड्या : कलकत्त्याजवळच्या उत्तरपाऱ्याची अ‍ॅम्बॅसडर, वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट आणि मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सची हेराल्ड. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचे ते दिवस. एवढे थांबून घेतलेल्या गाडीत आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांची सोय व्हायला हवी. दोघांसाठी कापलेल्या गाडीला त्या रांगेत जागाच नव्हती.

तरीही या तिघींतली एक दोन दारांची होती, ती हेराल्ड. ती कूपे नव्हती, पण कूपेची सख्खी बहीण होती. एप्रिल १९५९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ट्रायम्फ हेराल्ड लोकांसमोर आली, तेव्हा एक दोन दारांची सलून होती आणि दुसरी कूपे. आकार तूरिनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांचा. दोघींचे इंजिन ९४८ सीसीचे, पण कूपेला दोन कार्बोरेटर आणि त्यामुळे अधिक जोर. खालचे शरीर दोघींचे एकच. फरक मुख्यतः छपराचा : सलूनचे उंच, मागच्या बाकावरच्या माणसाच्या डोक्याचा विचार करणारे, तर कूपेचे आखूड आणि उतरते.

असे करता आले, कारण हेराल्डचे शरीर तुकड्यांचे होते. ट्रायम्फ ज्यांच्याकडून गाडीचे पूर्ण अंग बनवून घेत असे, तो कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतला होता. एकसंध अंग बनवून देणारे कोणी उरले नाही. म्हणून ट्रायम्फने जुन्या पद्धतीची वेगळी चासी घेतली आणि तिच्यावर निरनिराळ्या ठिकाणी बनलेले पत्र्याचे भाग बोल्टने कसले. छप्परही बोल्टनेच बसवलेले. अडचणीतून काढलेली ही वाट पुढे फळली. तीच चासी आखूड करून १९६२ साली स्पिटफायर ही उघडी स्पोर्ट्स गाडी आली आणि तिच्यावर उतरते छप्पर व दोन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवून १९६६ साली जीटी सिक्स ही कूपे. आज जगभरचे शौकीन जी जीटी सिक्स जपतात, तिची हाडे आमच्या हेराल्डचीच आहेत.

मद्रासला हेराल्ड १९६१ पासून बनू लागली. इथे तिचा प्रवास उलट्या दिशेने झाला. कोव्हेंट्रीत गाडी लहान आणि वेगवान होत गेली, मद्रासला घरेलू. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात इथल्या हेराल्डला चार दारे आली. मूळ इंग्लंडमध्ये चार दारांची हेराल्ड कधी बनलीच नाही. ती खास आपल्यासाठी.

या दोन वाटा सर्वांत स्पष्ट दिसतात त्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये. हेराल्डची मागची दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्र हलत. आडव्या पाट्यावर तोललेल्या अर्ध्या-अर्ध्या दांड्यांवर ती झुलत. खडबडीत रस्त्यावर ही रचना छान वाटे. पण जोरात वळण घेताना एकदम पाय उचलला, तर बाहेरचे चाक पोटाखाली दुमडल्यासारखे होई आणि गाडीची शेपटी घसरे. दोष एकच, उपाय दोन निघाले. १९६८ साली जीटी सिक्सच्या दुसऱ्या आवृत्तीला खाली नवे दांडे आणि रबरी जोड देऊन ट्रायम्फने चाके स्वतंत्रच ठेवली, कारण वळणातली मजा हेच त्या गाडीच्या असण्याचे कारण होते. मद्रासने १९७२ साली हेराल्डची 'गॅझेल' केली, तेव्हा ती झुलती रचना काढून सरळ एकसंध अ‍ॅक्सल घातला. कुठल्याही गावच्या मिस्त्रीला कळेल असा. इंग्रज माणूस रविवारी वळणे शोधायला निघत होता. आमचा माणूस लग्नाला सहा जण आणि दोन ट्रंका घेऊन निघत होता. त्या काळाच्या दोन समाजांतला फरक मला कुठल्याही ग्रंथापेक्षा या दोन अ‍ॅक्सलमध्ये अधिक नेमका वाचता आला.

हे वाचन मी गाडीखाली पाठीवर झोपून शिकलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये दोन दारांची हेराल्ड दिसली. सीटमध्ये उंदरांनी सरकी साठवलेली, चारही टायर जमिनीला टेकलेले. बैलजोडीपेक्षा कमी पैशांत ती माझ्या अंगणात आली. अकोटच्या मिस्त्रीचाचांनी तिचे बॉनेट उघडले. हेराल्डचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडते आणि इंजिनासह पुढची दोन्ही चाके उघडी पडतात. चाचा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, हे तं कापडासारखी शिवलेली हाये. टाके उसवले का तुकडे अलग." मिकेलोत्तीच्या गाडीचे इतके नेमके वर्णन मी इंग्रजी पुस्तकांतही वाचलेले नाही.

पहिल्याच वर्षी अकोट रस्त्यावर, तीसच्या वेगात, डावे पुढचे चाक आत दुमडले आणि गाडी बसली. कोणाला लागले नाही. आठच दिवसांपूर्वी एका ठिकाणी सर्व्हिसिंग झाले होते आणि तिथे सगळ्या सांध्यांत मनापासून ग्रीस भरले होते. चूक तिथेच होती. हेराल्डच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली ट्रनियन नावाच्या पितळी सांध्यात आट्यांवर फिरतो. त्यात ग्रीस नव्हे, गिअरचे दाट तेल घालायचे असते. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी शिरते, दांडा आतून गंजतो आणि एक दिवस मोडतो. आठ दिवसांच्या ग्रीसने तो मोडला नाही. आधीच्या कित्येक वर्षांच्या ग्रीसने मोडला.

कारखाना जिवंत असता तर हे सांगणारे कोणी असते. पण स्टँडर्डने १९८५ साली स्टँडर्ड २००० ही महागडी गाडी काढली, ती चालली नाही आणि १९८८ साली कारखानाच बंद पडला. कुर्ल्याची पद्मिनीही नवे शतक उजाडता उजाडता थांबली. कारखाना बंद होतो तेव्हा सुटे भाग मिळेनासे होतात, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्याबरोबर 'इथे ग्रीस नाही, तेल' हे साधे वाक्यही हरवते, हे चाक मोडल्याशिवाय कळत नाही. तेव्हापासून मी एक वही घातली. कोणता भाग कशाने बदलला, कोणता बुश लेथवर काय मापाचा करून घेतला, तेल कधी घातले, सगळे तारखेनिशी.

खरी परीक्षा पुढे आली. जुन्या गाड्यांच्या शौकीनांतल्या एका मित्राने सुचवले की, हेराल्डचे छप्पर बोल्टचे आहेच. ते उतरवून आखूड, उतरते छप्पर बसवले की तुझी गाडी कूपे. चित्रे त्याने आणली होती, पत्र्याचे काम चाचा करणार होते. माझ्या मनाने केव्हाच होकार दिला होता. आयुष्यभर ज्या शब्दाचा पाठलाग केला, तो अंगणात उभा करता येत होता.

त्याच सुमारास ज्यांची ती गाडी, त्या घरातल्या एक वृद्ध आजी माहेरी आल्या होत्या. गाडी अजून आहे हे ऐकून बघायला आल्या. पुढची सीट दुमडून मागे जाऊन बसल्या, हात वर करून छपराला लावला आणि म्हणाल्या, "इथं आमी चौघी बहिणी बसत होतो. परीक्षेले अकोल्याले याच गाडीनं गेलो." त्या काळी वऱ्हाडातल्या खेड्यातून चार मुली परीक्षेला जात होत्या, ही गोष्ट कुठल्या दप्तरात मला सापडली नसती. कूपेच्या छपराखाली त्या चौघी मावल्या नसत्या. मित्राची चित्रे मी परत केली.

पुढे २०२१ साली केंद्राने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरे येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी आणि प्रमाणपत्र दहा वर्षांचे. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. ज्यांनी परवडत नाही म्हणून पेट्रोलचे इंजिन काढून डिझेल घातले, त्यांच्या गाड्या या नियमात अडचणीच्या. मला त्यांना दोष देववत नाही. त्या गाड्याही आपल्या टंचाईचा खरा इतिहास सांगतात. पण माझी वाचली ती नियमामुळे नाही, एका आजीच्या हातामुळे.

कूपे आपल्याकडे आलीच नाही असे नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने रेनोच्या इंजिनावर 'स्टॉर्म' ही फायबरच्या अंगाची दोन आसनी गाडी काढली. २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात दिलीप छाब्रियांची 'अवंती' आली. दोन्ही थोड्या बनल्या आणि थांबल्या. त्याही कोणाच्या तरी शेडमध्ये उभ्या असतील. त्यांच्या मालकांना माझे सांगणे एवढेच की, वही घाला. विकत घेतानाची पावती, मिस्त्रीचा सल्ला, मोडलेला भाग, मागे कोण बसत होते, सगळे लिहा. जुनी गाडी बाळगणे ही श्रीमंतीची हौस असू शकते. पण ज्या गाडीचा कारखाना उरला नाही, तिचा मालक हाच तिचा अभिलेखपाल असतो, त्याला हे काम हवे असो वा नसो.

दिवाळीच्या साफसफाईत मी दरवर्षी पुढची दोन्ही चाके वर उचलतो आणि ट्रनियनमध्ये तेल भरतो. बाजूने जुने काळे तेल बाहेर येईपर्यंत भरत राहायचे असते. मग हात पुसून वहीत तारीख टाकतो. यंदा माझ्या पुतणीने तेलाचा पंप हातात घेतला होता, आणि तारीख तिच्या अक्षरात आहे.