औरंगाबादच्या नहरी व बंबे : पाणी वर कसें चढलें?

खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि सांप्रत छत्रपती संभाजीनगर अशीं चार नांवें पाहिलेल्या या शहराच्या नहरींविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांतील बहुतेक लिखाण कर्त्याचा महिमा गाणारें असून पाणी नेमकें कोणत्या नियमानें चाललें या मुद्द्यास हात घालणारें थोडें. परिणामीं दोन समजुती रूढ झाल्या आहेत. पहिली, येथील सर्व नहरी मलिक अंबराच्या. दुसरी, पाणी ‘सायफननें खेचून’ वर चढविलें. आमच्या मतें दोन्हीही टिकणाऱ्या नाहींत, आणि दुसरीचा उलगडा झाल्यावांचून पहिलीचा होत नाहीं.

मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें खडकी वसविली व पुढील दशकांत उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचें पाणी भुयारी मार्गानें गांवांत आणिलें. तो इ. स. १६२६ त वारला. त्याची नहर, जिला नहर-ए-अंबरी म्हणतात, ती मूळ भागांत चुनेगच्ची बांधीव बोगदा आहे. झऱ्यांचें व जमिनींत मुरलेलें पाणी त्यांत उतरतें आणि मंद उतारानें वाहत येतें. बोगद्यांत पाण्याच्या वर हवा मोकळी असते; म्हणजे ती झांकलेली नदीच म्हणावयाची. साफसफाईसाठीं माणूस उतरावा म्हणून ठिकठिकाणीं तोंडें ठेविलेलीं आहेत. पुण्यास नानासाहेब पेशव्यांनीं इ. स. १७४९ च्या सुमारास कात्रजहून जो नळ आणविला त्याची जात हीच, आणि त्यावरील तोंडांस ‘उच्छ्वास’ असें समर्पक नांव आहे. बऱ्हाणपूर येथील अब्दुल रहीम खानखानान याच्या काळची कुंडी भंडारा याच कुळांतली. या सर्वांत पाणी कोठेंही वर चढत नाहीं. तें उतरतें, इतकेंच.

पाणचक्कीची नहर मात्र निराळ्या कुळाची आहे. येथें बोगदा नसून खापरी नळ आहे, आणि नळ पूर्ण भरून चालतो. भरलेल्या नळांतील पाणी जमिनीच्या उतारास बांधलेलें नसतें. तें खोलगट भागांत उतरून पलीकडे पुन्हा चढूं शकतें. अट एकच कीं, उगमाच्या पातळीच्या वर जावयाचें नाहीं, व घर्षणांत जी उंची खर्ची पडते ती वजा करावयाची. यांत खेचणें कोठेंच नाहीं. आहे तो मागील पाण्याचा दाब. खरा सायफन हा वर चढून उतरणारा बंद नळ. त्याच्या माथ्याशीं दाब बाहेरील हवेहून कमी असतो, आणि म्हणूनच समुद्रसपाटीसही तो सुमारें ३४ फुटांपलीकडे काम देत नाहीं. माथ्याशीं एक भोंक पाडिलें कीं तो बंद पडतो. येथील बंब्यांचे माथे तर उघडे. तेव्हां बंबा हा सायफन नव्हे, हें सांगण्यास यंत्रशास्त्राची मोठी पदवी लागत नाहीं.

मग बंबे बांधले कशासाठीं? वाटसरूस ते निरुपयोगी मनोरे वाटतात. परंतु खापराच्या नळाची ताकद ध्यानांत घ्यावी. पाण्याचा उभा स्तंभ दर फुटास दर चौरस इंचीं सुमारें ०.४३ पौंड दाब देतो. समजा उगम शहरापेक्षां १०० फूट उंच आहे व खालचें तोंड बंद केलें. तर खालच्या नळावर ४३ पौंड दाब येईल, आणि चुन्याच्या सांध्यांस तो सोसणें कठीण. आतां मध्यें ३० फुटी बंबा घाला. नळ त्यांत वर चढतो, माथ्यावरील लहानशा कुंडींत पाणी मोकळें होतें, आणि दुसऱ्या नळानें पुन्हा खालीं उतरून पुढें जातें. पायथ्याच्या नळास आतां त्या स्तंभापुरताच, म्हणजे सुमारें १३ पौंड, भार राहतो; जास्त पाणी आलें तर तें माथ्यावरून सांडतें, नळ फुटत नाहीं. शिवाय नळांत अडकून प्रवाह कोंडणारी हवा तेथें सुटते, गाळ कुंडींत बसतो, आणि गळती कोणत्या दोन बंब्यांच्या दरम्यान आहे हें कुंडी पाहून कळतें. इस्तंबूल येथें अशाच स्तंभांस ‘सू तेराझिसी’ म्हणजे पाण्याचा तराजू म्हणतात. विजापुरासही आदिलशाहीतील असे बुरूज उभे आहेत. नांव तुर्कांनीं नेमकें दिलें, हें कबूल केलें पाहिजे.

संस्कृताचा व्यासंग असणाऱ्यांस येथें भोजाच्या समराङ्गणसूत्रधाराचें स्मरण होईल. गणपतिशास्त्री यांनीं बडोद्याच्या मालेंत प्रसिद्ध केलेल्या या अकराव्या शतकांतील ग्रंथाच्या यंत्राध्यायांत वारियंत्रांचे प्रकार सांगितले असून त्यांत ‘पातसमोच्छ्राय’ असा एक आहे, म्हणजे जेथें पाणी आधीं पडतें व मग वर चढतें. यावरून पाणचक्कीचे गवंडी भोज वाचीत होते असें कोणी अनुमान काढूं नये; तसल्या अनुमानांनीं आमच्या त्रैमासिकांचीं पानें पूर्वीं पुष्कळ भरलीं आहेत. इतकेंच म्हणतां येतें कीं, उगमाच्या पातळीचा नियम या देशांत अनोळखी नव्हता. ‘सायफन’ या परक्या व चुकीच्या शब्दापेक्षां ‘पातसमोच्छ्राय’ हा शब्द वस्तुस्थितीस अधिक जवळचा आहे.

पाणचक्कीचा संबंध बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सत्पुरुषाच्या तकियाशीं आहे. ते मध्य आशियांतून दक्षिणेंत आले व इ. स. १७१५ त निवर्तले. तेथील बांधकामाचा मोठा भाग त्यांच्या पश्चात् शाह महमूद यांच्या वेळचा. त्या परंपरेच्या ‘मलफूजात-इ-नक्शबंदिया’ या फारसी ग्रंथाचें सायमन डिग्बीकृत इंग्रजी भाषांतर इ. स. २००१ मध्यें निघालें आहे. जिज्ञासूंनीं तें पाहावें. म्हणजे हें काम अंबराच्या मृत्यूनंतर सुमारें शंभर वर्षांचें झालें. शेवटच्या उंच भिंतीवरून पडणारें पाणी खालच्या आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळतें आणि वरचें जातें थेट त्याच दांड्यावर फिरतें. दांते नाहींत, पट्टा नाहीं. २० फुटांवरून दर सेकंदास १० लिटर पाणी पडलें असें धरलें, तर हिशेबानें पाऊण अश्वशक्ति होते. यात्रेकरूंच्या पिठास ती पुरे.

त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढील हौदाची. तो १६४ फूट लांब व ३१ फूट रुंद असून त्याचा तळ हेंच खालच्या दालनाचें छत आहे. या क्षेत्रावर पाण्याच्या प्रत्येक फुटाचें वजन सुमारें १४४ टन. लोखंड न घालतां हा भार पेलावयाचा म्हणजे छतास कोठेंही ताण येऊं न देतां सर्व ओझें दाबाच्या रूपानें कमानींतून खांबांत उतरविलें पाहिजे. कारण दगड व चुना दाब सोसतात, ताण सोसत नाहींत. उन्हाळ्यांत तें दालन थंड राहतें, याचेंच लोकांस कौतुक. आम्हांस तें गळत नाहीं याचें अधिक वाटतें.

जुन्या कोटाच्या दक्षिणेस आमचें गारखेडा. येथें आज येणारें पाणी उलट दिशेनें, पैठणच्या नाथसागरांतून येतें. त्या जलाशयाची पूर्ण पातळी १५२२ फूट, आणि शहर साधारण १८५० फुटांवर. हें तीनशें फुटांवरचें चढणें विजेच्या पंपांवर चालतें. पाण्यानें आपण होऊन तें कधींच केलें नसतें. ‘जुन्यांनीं पंपाशिवाय पाणी चढविलें, मग तुम्हांस कां जमत नाहीं?’ असें विचारणारांस एवढें उत्तर पुरे : त्यांचा उगम शहराच्या वर होता, आमचा खालीं आहे.

आतां पहिल्या समजुतीकडे वळूं. शहरांत उभा असलेला बंबा कोणत्या नहरीचा, हें लोक नांव सांगून ठरवितात. वास्तविक ठरविण्याचें साधन बंब्यांतच आहे. एका नळावरील बंब्यांच्या माथ्यांची पातळी उगमाकडून शहराकडे क्रमानें थोडी थोडी उतरत गेली पाहिजे. एखाद्या बंब्याचा माथा मागच्यापेक्षां उंच भरला तर तो त्या ओळीचा नव्हेच. अंबरी नहरीवर शहराजवळ नंतर जोडलेले नळ, बेगमपुऱ्याची थत्ते नहर व पाणचक्कीची ओळ यांची गुंतागुंत पातळीयंत्रानें चार दिवसांत सुटण्याजोगी आहे. रस्तारुंदींत एक बंबा पाडला कीं मात्र मधलें पान फाटल्यासारखें होतें. पुढचें वाचतां येतें, पण तें कशास लागून आहे हें सांगतां येत नाहीं. संग्राहकांनीं सनदांबरोबर नहरीच्या डागडुजीचे हिशेब, पाण्याच्या वाटणीच्या याद्या व खापरी नळांचे तुकडेही टाकूं नयेत. तुकड्याच्या आंतील चुन्याची पुटी तर अवश्य पाहावी : पुटी सर्व बाजूंस सारखी असेल तर नळ भरून चालत होता, आणि केवळ खालच्या अर्ध्या भागास असेल तर पाणी उताराचें होतें.