तेरा मिनिटं मागे, अकरा मिनिटं पुढे

आमच्या टीममधला एक जण गोव्याची अर्धी आयर्नमॅन करून आला. अर्धी म्हणजे १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि मग २१ किमी धावणं. सोमवारी चहाच्या टपरीवर गडी मेडल दाखवत होता, पण चेहरा पडलेला. सायकल ठरवल्यापेक्षा दहा मिनिटं लवकर संपवली म्हणे, आणि नंतरच्या २१ पैकी १२ किमी चक्क चालत गेला. "पाय ठीक होते रे, इंजिनच बंद पडलं." मी म्हटलं, थांब, तुला १९९५ ची गोष्ट सांगतो. टपरीवर ती अर्धवटच राहिली, म्हणून आता इथे.

गोष्ट हवाई बेटांवरची आहे. तिथेच १८ फेब्रुवारी १९७८ ला पहिली आयर्नमॅन झाली. जॉन कॉलिन्स नावाच्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने ओआहू बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकाला एक जोडल्या: ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणं. पंधरा जण सुरुवातीला होते, बारा जणांनी पूर्ण केली. सायकलनंतर पुढे असलेल्या जॉन डनबारच्या मदतनीसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली! अर्थातच तो दुसरा आला. हसू येतं, पण पुढच्या सगळ्या इतिहासाचं बीज इथेच आहे. शर्यत पायांनी हरली नाही, पोटाने हरली.

१९८१ मध्ये शर्यत बिग आयलंडवरच्या कोना गावी गेली आणि खरा त्रास सुरू झाला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला काळ्या लाव्हाचं माळरान, मधून डांबरी हायवे. सावली नावालाही नाही. वर दमट हवा. आपल्याकडे कोकणात ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी बारा वाजता कोणी मॅरेथॉन धावायला काढली तर त्याला वेड्यात काढतील. इथे ती १८० किमी सायकल मारून झाल्यावर धावायची असते.

आता जरा हिशोब (सवय, काय करणार). सायकल चालवताना स्नायू वापरलेल्या ऊर्जेपैकी साधारण पाव भागाचंच काम करतात, बाकीची उष्णता. म्हणजे पेडलवर २०० वॅट दिले की आत ६०० वॅटचा हीटर चालू. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे या हीटरसाठी तासाला जवळजवळ एक लिटर घाम *वाळायला* हवा. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम थंडावा न देता फुकट जातो. सायकलवर निदान ३५ च्या वेगाचा वारा अंगावर असतो. धावायला उतरलात की तोही गेला. मग शरीर रक्त कातडीकडे पळवतं, स्नायूंना कमी आणि पोटाला त्याहून कमी मिळतं. प्यायलेलं, खाल्लेलं पोटात तसंच डचमळत राहतं. लॅपटॉप गरम झाला की प्रोसेसर आपणहून मंद होतो ना, तसंच. फरक इतकाच की लॅपटॉपला ईर्षा नसते.

फेब्रुवारी १९८२ ला ज्युली मॉस नावाची कॉलेजची मुलगी आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात पुन्हा पुन्हा कोसळली. कॅथलीन मॅकार्टनी तिच्या पुढून निघून गेली. मॉस रांगत रांगत २९ सेकंदांनी दुसरी आली. एबीसी टीव्हीने ते अमेरिकेला दाखवलं आणि आयर्नमॅन घराघरात पोचली. माझ्या मते इथेच थोडी गल्लतही झाली. कोसळणं हेच शौर्य अशी प्रतिमा बसली. मॉसची जिद्द खरीच, पण पाहणाऱ्याला दिसलं ते रांगणं. त्याआधी तासन् तास आत काय संपत आलं होतं ते टीव्हीवर कसं दिसणार?

मार्क ॲलनला ते सहा वेळा हरून दिसलं. फ्रान्समधल्या नीसची शर्यत तो पुन्हा पुन्हा जिंकायचा, पण कोनाला गेला की गळपटायचा. १९८४ ला सायकलवरून सगळ्यात आधी उतरला आणि पाचवा आला. १९८७ ला धावताना पुढे होता, डेव्ह स्कॉटने गाठलं, आणि शर्यतीनंतर पोटातल्या रक्तस्रावाने हॉस्पिटलात. त्याच्या सरावाचा गाभा ऐकायला अगदी मिळमिळीत आहे: फिल माफेटोनच्या सांगण्यावरून हृदयाचे ठोके १५५ च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. सुरुवातीला त्यासाठी त्याला लाज वाटेल इतकं हळू धावावं लागलं. १९८९ ला तो दिवसभर डेव्ह स्कॉटला चिकटून राहिला आणि शेवटच्या चढावर सुटला. ५८ सेकंदांनी जिंकला. मॅरेथॉनचा भाग २:४०:०४ मध्ये! तो विक्रम २०१६ पर्यंत टिकला.

आणि मग ७ ऑक्टोबर १९९५. ॲलन ३७ वर्षांचा. सायकलवरून उतरला तेव्हा थॉमस हेलरीगेल हा २४ वर्षांचा जर्मन तेरा मिनिटांहून जास्त पुढे. म्हणजे मॅरेथॉनमध्ये दर किलोमीटरला जवळजवळ वीस सेकंद भरून काढायचे, त्या उन्हात. त्याने पहिल्या पाच किलोमीटरमध्ये उडी मारली नाही. थोडं थोडं कापत गेला, शेवटच्या काही किलोमीटरमध्ये गाठलं आणि २ मिनिटं २५ सेकंदांनी जिंकला.

त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर पॉला न्यूबी-फ्रेझर. झिंबाब्वेची, तोवर सात वेळा कोना जिंकलेली. या शर्यतीबद्दल तिला शिकवायला कोणी उरलं नव्हतं. सायकलनंतर ती कॅरन स्मायर्सच्या अकरा मिनिटांहून जास्त पुढे होती. पण स्मायर्स जवळ येऊ लागली, आणि पॉलाने पाण्याची टेबलं सोडायला सुरुवात केली. ती साधारण दर मैलाला असतात. प्रत्येक ठिकाणी पंधरा सेकंद थांबली असती तरी अख्ख्या मॅरेथॉनमध्ये सहा-साडेसहा मिनिटं गेली असती. अकरा मिनिटांच्या शिलकीत हे सहज बसत होतं. पण मागून पावलं ऐकू येत असताना बेरीज-वजाबाकी कोण करतो? फिनिश लाईन काहीशे मीटरवर असताना ती झोकांड्या खाऊ लागली. स्मायर्स बाजूने निघून गेली.

हे आता जुनं झालं असं वाटत असेल तर २०२५ ची महिलांची शर्यत बघा. आघाडीवर असलेल्या लूसी चार्ल्स-बार्कली आणि टेलर निब दोघींना उन्हाने शर्यत सोडायला लावली, निबला तर शेवटच्या काही किलोमीटरवर. जिंकली नॉर्वेची सोलवाय लॉवसेथ. घड्याळात हृदयाचे ठोके, पेडलवर वॅट, पोटात मोजून साखर, सगळं होतं. ऊन १९९५ चंच होतं.

तर टपरीवर मित्राने विचारलं, पॉलाचं पुढे काय झालं? ती रस्त्याच्या कडेला वीसेक मिनिटं बसून राहिली. पाणी प्यायली. मग उठली, चालत गेली, आणि तरीही चौथी आली. पुढच्या वर्षी, १९९६ ला, परत येऊन आठव्यांदा जिंकली.

मित्राने पुढच्या गोव्यासाठी नाव नोंदवलंय. सायकल दहा मिनिटं *हळू* मारणार म्हणतो. बघू.