खरा साष्टीकर कसा ओळखावा ?

नांव ऐकून गांव ओळखण्याची आपल्या देशांत जुनी चाल आहे. परंतु आम्हां साष्टीच्या कथोलिकांपुढें ही चाल अगदींच लंगडी पडते. डिसोझा, परेरा, फर्नांडिस, रॉड्रिग्स हीं आडनांवें अंधेरीस आहेत, म्हापशास आहेत आणि मंगळुरासही आहेत. पोर्तुगीज पाद्र्यांनीं बाप्तिस्म्याच्या वेळीं नांवें दिलीं तीं सर्वत्र एकाच पेटींतून काढून दिलीं. त्यामुळें पुढें कोण कोठला हें सांगण्यास नांवाचा उपयोग राहिला नाहीं. म्हणून वडील माणसें दुसऱ्याच बारीकसारीक खुणांवरून माणूस पारखीत. आपल्या ज्युबिलीच्या ह्या पुस्तकांत त्या खुणांची आणि त्यांच्यामागील इतिहासाची कांहीं नोंद असावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम इतिहास थोडक्यांत सांगतों. १५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा ह्यानें वसई, साष्टी व मुंबईचीं बेटें पोर्तुगीजांस दिलीं. त्यानंतर बोरिवलीजवळ मंडपेश्वरास फ्रान्सिस्कन आले, आणि अंधेरीच्या पूर्वेस कोंदिवटें येथें जेझुइटांनीं १५७९ सालीं संत योहान बाप्तिस्त ह्याचें देवालय बांधिलें. येथील कोळी, कुळबी, भंडारी इत्यादि लोकांनीं नवा धर्म स्वीकारला. परंतु शेत, होडी, माड आणि भाषा हीं मात्र जुनींच ठेविलीं. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली आणि १७३९ सालीं वसई पडली. युरोपियन पाद्री निघून गेले. त्या कठीण काळीं आमच्या आजे-पणजांस मिस्सा ऐकविली, मुलांस बाप्तिस्मा दिला आणि मेलेल्यांस माती दिली ती मुख्यतः गोव्याच्या देशी पाद्र्यांनीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

साष्टी १७७४ सालीं इंग्रजांकडे आली. पुढें मुंबईचा व्यापार वाढला, आगगाडी झाली, आणि नोकरीच्या शोधार्थ गोव्याहून व मंगळुराहून आपले धर्मबंधु मोठ्या संख्येनें येऊं लागले. नांवें एक, धर्म एक, पोषाखही पुष्कळसा एक. तेव्हां सरकारी कचेरींत सर्वांस सरसकट 'पोर्तुगीज' म्हणूं लागले. येथील लोकांस हें रुचलें नाहीं. कारण गोव्याचा मनुष्य परक्या राजाची प्रजा आणि आपण इंग्रज सरकारची, असा तेव्हांचा भेद होता व त्यावर नोकऱ्या अवलंबून होत्या. म्हणून १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षें झालीं त्या ज्युबिलीचें निमित्त साधून, 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली आणि 'ईस्ट इंडियन' हें नांव आमच्या कपाळीं कायमचें लागलें. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील लोकांनीं स्वतःस पूर्वेचे म्हणवून घ्यावें, ह्याचें परक्यांस हसूं येतें, व तें येणें साहजिक आहे. नांव ईस्ट इंडिया कंपनीवरून आलें. दिशेशीं त्याचा संबंध नाहीं.

असें छापील नांव मिळालें, तरी घरांतील खूण निराळीच राहिली. पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, इगर्ज, फेस्त, खुरीस हे पोर्तुगीज शब्द म्हणजे आमची ओळख. मला हें मान्य नाहीं. हे शब्द गोंयकारही बोलतो; आणि पाव, बटाटा, चावी, मेज हे तर पुण्याचा ब्राह्मणही पोर्तुगीजांकडूनच घेऊन बसला आहे. आमची खूण आमच्या मराठींत आहे. गोंयकार 'हांव' म्हणेल तेथें साष्टीकर 'मी' म्हणेल. एवढ्या एका अक्षरावर म्हातारी बाई नवख्या सोयऱ्याचें मूळ हेरीत असे. मुंबईचे मेयर झालेले आणि टिळकांचे सहकारी असलेले जोसेफ बाप्टिस्टा ह्यांचें नांव व आडनांव दोन्ही परकीं. पण लोकांनीं त्यांस 'काका' म्हटलें, आणि ते काका ह्याच नांवानें इतिहासांत राहिले. आजच्या घरांतून इंग्रजी शिरली आहे हें खरें. तरी राग आला म्हणजे, पैसे मोजूं लागले म्हणजे, किंवा कोळणीच्या टोपलीपुढें बसून बोंबील-मांदेलीचा भाव करूं लागले म्हणजे मराठी आपोआप बाहेर येते.

दुसरी खूण 'मुंबई' ह्या शब्दाची. अंधेरीचा किंवा मुलुंडचा जुना रहिवासी फोर्टकडे निघाला कीं 'मुंबईला जातों' असें म्हणतो. नवा मनुष्य गोंधळतो. त्यास वाटतें, हा मुंबईंतच तर उभा आहे! परंतु म्हाताऱ्याचें बरोबर असतें. महानगरपालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपापर्यंत आली ती १९५० सालीं, आणि दहिसर-मुलुंडापर्यंत पोहोंचली ती १९५७ सालीं. त्यापूर्वीं हीं सारीं गांवेंच होतीं, आणि गांवाहून शहरास जावें तसे लोक गाडींत बसून मुंबईस जात. हद्द सरकली, जिभेनें मात्र सरकण्याचें नाकारलें.

वाट सांगण्याची रीतही तशीच. नवा मनुष्य रस्त्याचें किंवा इमारतीचें नांव सांगतो. आमचा मनुष्य खुरीस सांगतो. 'विहिरीजवळच्या खुरसावरून डावीकडे वळा' म्हटलें कीं त्यास वाटतें, सर्व कांहीं सांगून झालें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग सुरू झाला, तेव्हां भयभीत लोकांनीं गांवठणांच्या तोंडाशीं कित्येक खुरीस उभारिले. मे महिन्यांत तेथें सायंकाळीं लितानी म्हणावी आणि नंतर उकडलेले चणे वांटावे, असा प्रघात पुष्कळ ठिकाणीं अजून आहे. जातां जातां ज्याचा हात न कळत कपाळाकडे जातो, त्यास त्याचें गांव विचारण्याचें कारण नाहीं.

मसाल्याविषयीं न लिहावें तर घरांतील मंडळी मला क्षमा करणार नाहींत. पावसाळ्यापूर्वीं, उन्हें कडक असतां, मिरच्या, हळद, धणे इत्यादि वीस-पंचवीस जिन्नस वाळवून, निरनिराळे भाजून, लांकडी उखळींत कांडून, काळसर बाटल्यांत ठासून भरावयाचे. म्हणूनच त्यास बॉटल मसाला म्हणतात. प्रत्येक घरचें प्रमाण निराळें, आणि तें सासूनें सुनेस सांगावयाचें, शेजारणीस नव्हे. खरा साष्टीकर बाटलीचें बूच उघडतांच हा कोणत्या पाड्याचा तें सांगतो, अशी बढाई मीं ऐकली आहे. मला स्वतःला तें साधत नाहीं. लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचें पाणी' आणण्याची चालही अशीच. हिंदु शेजाऱ्यांच्या चालींशीं तिचें नातें उघड दिसतें, आणि तें लपविण्यासारखें कांहीं नाहीं.

ह्या खुणा ज्या भुईवर उगवल्या ती भुई मात्र हातची गेली. कोंदिवट्याचें तें देवालय १८४० च्या सुमारास साथीमुळें सोडावें लागलें व लोक मरोळास आले. पुढें १९७३ सालीं तेथें निर्यात उद्योगांचें 'सीप्झ' हें आवार झालें, आणि पडक्या भिंती त्या कुंपणाच्या आंत राहिल्या. वर्षांतून एकदां तेथें मिस्सा होते. ज्यांच्या पूर्वजांचे बाप्तिस्मे त्या भिंतींत झाले, त्यांस आज आंत जावयास परवानगी लागते. शेतें गेलीं, तशीं शेतांचीं नांवेंही गेलीं. तीं ज्यांस तोंडपाठ होतीं अशीं माणसें प्रत्येक गांवठणांत आतां हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच उरलीं असतील. तरुणांनीं त्यांच्याजवळ बसून तीं नांवें आजच उतरून घ्यावीं. जमिनीचा तंटा उभा राहिल्यावर धांवाधांव करून कांहीं हातीं लागत नाहीं.

एक गोष्ट लिहावी कीं न लिहावी, असा मला थोडा विचार पडला होता. अलीकडे कांहीं मंडळी ह्याच खुणांचें कुंपण करूं पाहतात, व गोंयकार किंवा मंगळूरकर कुटुंबांस 'तुम्ही येथले नव्हेत' असें ऐकवितात. ज्या गोव्याच्या पाद्र्यांनीं मराठ्यांच्या अमलांत आमचा धर्म संभाळला, त्यांची आठवण अशा वेळीं कोठें जाते, कोण जाणे ! माझ्या शेजारच्या एका मंगळुरी बाईनें माझ्या आईच्या उखळीवर मसाला कांडण्यास चाळीस वर्षांपूर्वीं सुरुवात केली. आतां आमच्या घरीं उखळ नाहीं; मसाला तिच्याकडूनच येतो, आणि प्रमाण आईचेंच आहे.

गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं आगेऱ्याचा सण झाला. आशीर्वादासाठीं नव्या भाताच्या कणसांची जुडी खांद्यावरून आणणाऱ्या चौघां तरुणांपैकीं दोघांचें आजोळ मंगळुराकडील होतें. जुडींतील भात मात्र आमच्या शिवारांतील नव्हतें. तें वसईकडून आणविलें होतें.