नव्या घरातील दूरचित्रवाणी आणि इंटरनेट : आधी इमारत पाहावी, मग दरपत्रक

नव्या सदनिकेचा ताबा मिळण्याची तारीख जवळ आली की फरशी, रंग, स्वयंपाकघरातील ट्रॉल्या यांची चर्चा घरात महिनोन्‌महिने चालते. दूरचित्रवाणी आणि इंटरनेटची जोडणी मात्र 'राहायला गेल्यावर बघू' या सदरात जाते. राहायला गेल्यावर असे ध्यानात येते की, बघण्यासारखे फारसे काही उरलेलेच नाही. इमारतीत एकाच कंपनीची तार आलेली असते, गच्चीवर डिश लावण्यास विकासकाचा माणूस मज्जाव करतो आणि ज्या भिंतीवर टीव्ही टांगायचा त्या भिंतीत पाइपच टाकलेला नसतो. मुंबई, ठाणे, पुण्याच्या नव्या संकुलांत सेवा कोणाची घ्यायची हे पुष्कळदा जाहिरातीतील दरांवर ठरत नाही. इमारतीत कोणाला शिरू दिले आहे, यावर ते ठरते. म्हणून या विषयाची चौकशी ताबा घेण्यापूर्वी, निदान भिंतींना रंग लागण्यापूर्वी तरी व्हावयास हवी.

इमारतीत कोण आले आहे?

विकासकाच्या कार्यालयात, आणि गृहनिर्माण संस्था स्थापन झाली असल्यास सचिवांकडे, तीन गोष्टी विचाराव्यात. कोणकोणत्या कंपन्यांची फायबर तार इमारतीपर्यंत आली आहे? त्यांपैकी कोणाशी एकट्यानेच सेवा देण्याचा करार झाला आहे काय, आणि असल्यास किती वर्षांचा? प्रत्येक मजल्यावर संपर्क तारांसाठी विजेच्या तारांपासून वेगळी डक्ट आहे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहसा सरळ मिळत नाही. अशा करारापोटी संस्थेला वार्षिक भाडे, कार्यालयात मोफत इंटरनेट किंवा प्रवेशद्वारावरील कॅमेऱ्यांची जोडणी मिळते. वरकरणी हा व्यवहार संस्थेच्या लाभाचा दिसतो. परंतु स्पर्धा नसलेल्या इमारतीत दर वाढले किंवा सेवा ढासळली, तर त्याची किंमत सभासदच मोजतात. अशा कराराची प्रत पाहण्याचा आग्रह सभासदांनी सर्वसाधारण सभेत धरावा आणि मुदत संपताना दुसऱ्या एखाद्या कंपनीला प्रवेश देण्याचा ठराव मांडावा. इमारतीत दोन सेवादार असले की दोघांचेही कर्मचारी वेळेवर येतात, असा पुष्कळ संस्थांचा अनुभव आहे.

माहितीपत्रकात 'हायस्पीड इंटरनेटसज्ज घरे' असे छापलेले असल्यास ते कागद जपून ठेवावेत. स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १२ नुसार, जाहिरातीतील वा माहितीपत्रकातील चुकीच्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचे नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीच्या दर्जानुसार मानांकन देण्याचे विनियमही प्रसिद्ध केले. आपल्या प्रकल्पाने असे मानांकन घेतले आहे काय, हे विचारण्यास हरकत नाही.

फॉल्स सीलिंग बंद होण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनला समोर बसवून काही कामे करून घ्यावीत. मुख्य दरवाजाजवळच्या डक्टपासून हॉलमधील टीव्हीच्या जागेपर्यंत दोन रिकामे पाइप टाकून घ्यावेत, एक केबल वा डिशच्या तारेसाठी व दुसरा फायबरसाठी. तेथून प्रत्येक खोलीत एकेक लॅनची तार न्यावी. विजेच्या तारा त्याच पाइपातून नेऊ देऊ नयेत. फायबरची तार काटकोनात दुमडली की आतील काच तडकते किंवा प्रकाश गळतो, म्हणून पाइपाला वळणे गोलसर असावीत. राउटर घराच्या मध्यभागी, उघड्यावर आणि छातीच्या उंचीपेक्षा थोडा वर ठेवावा. जोडणी करणारा कर्मचारी स्वाभाविकपणे तो दरवाजामागे, चपलांच्या कपाटावर बसवतो, कारण तेथे त्याचे काम लवकर संपते. मग शेवटच्या शयनगृहात वाय-फाय पोहोचत नाही आणि दोष कंपनीच्या वेगाला दिला जातो. वेगवान ५ गिगाहर्ट्झच्या लहरी काँक्रीटच्या दोन भिंती ओलांडताना पुष्कळशा विरतात, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, पण त्यांचा वेग कमी असतो. ही अडचण मोठ्या रकमेचा प्लॅन घेऊन दूर होत नाही, लॅनच्या तारेने होते.

केबल, डिश की केवळ इंटरनेट?

केबलचे डिजिटायझेशन २०१२ मध्ये मुंबईसारख्या महानगरांपासून सुरू झाले आणि मार्च २०१७ पर्यंत देशभर पूर्ण झाले. तेव्हापासून सेट टॉप बॉक्सशिवाय केबल दिसत नाही आणि एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही. केबलचालक जवळच्या गल्लीतला असल्यास त्याचा मोठा लाभ असतो. हाक मारल्यावर माणूस येतो.

डिश घेणाऱ्यांनी प्रथम आपल्या सदनिकेची दिशा पाहावी. प्रक्षेपण करणारे उपग्रह विषुववृत्तावर, आपल्या दक्षिणेस आहेत आणि प्रचलित सेवांचे उपग्रह मुंबई-पुण्याच्या रेखांशापेक्षा पूर्वेकडे असल्याने डिशचे तोंड साधारणपणे आग्नेयेस करावे लागते. वास्तुशास्त्राने आग्नेय दिशा स्वयंपाकघराला दिली आहे. डिशला त्यातूनच वाट काढावी लागते. ज्यांच्या बाल्कन्या व खिडक्या केवळ उत्तरेला किंवा पश्चिमेला आहेत, अथवा समोर उंच इमारत आहे, त्यांना गच्चीशिवाय पर्याय नाही. गच्चीसाठी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी आणि तेथून घरापर्यंत तार कोठून आणणार, हे त्याच वेळी ठरवावे. मुसळधार पावसात चित्र काही मिनिटे गोठते, तो डिशचा बिघाड नव्हे. त्या लहरी पावसाच्या दाट सरींत शोषल्या जातात. मासिक शुल्क नकोच असेल तर प्रसार भारतीची डीडी फ्री डिश आहे. एकदा डिश व बॉक्स घेतला की सह्याद्रीसह अनेक वाहिन्या विनाशुल्क दिसतात, मात्र लोकप्रिय खासगी मराठी मनोरंजन वाहिन्या तेथे सगळ्या मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये.

दरांचे गणित समजून घेतले तर पुष्कळ पैसे वाचतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये लागू झालेल्या व्यवस्थेनुसार ग्राहक दोन रकमा भरतो : जोडणीचे मूळ शुल्क आणि निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांची किंमत. मूळ शुल्कावर १३० रुपये अधिक कर, अशी कमाल मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये 'ट्राय'ने ती काढून टाकली. त्यामुळे हे शुल्क किती आणि त्यात किती वाहिन्या, हे आता प्रत्येकाला वेगवेगळे विचारावे लागते. वाहिन्यांचे तयार पॅकेज विक्रेत्याला सोयीचे असते. घरातील मंडळी प्रत्यक्षात पाहतात त्या वाहिन्या कागदावर लिहून पाहाव्यात. सहा-सातच निघाल्या, तर त्या सुट्या घेणे बहुधा स्वस्त पडते. वाहिनी सुटी मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे, विक्रेत्याने नकार दिला तरी. दुसऱ्या टीव्हीला वेगळे शुल्क किती, हाही प्रश्न विसरू नये.

केवळ इंटरनेटवर विसंबून केबल बंद करण्याकडे तरुण कुटुंबांचा कल आहे. ते गैर नाही. मात्र घरात ज्येष्ठ असतील तर ॲप उघडणे, पासवर्ड देणे, जाहिरात ओलांडणे हा खटाटोप त्यांना रोज संध्याकाळी करावा लागतो, आणि इंटरनेट बंद पडले की टीव्हीही बंद पडतो. आजी-आजोबांच्या खोलीत साधी जोडणी ठेवण्याचा खर्च त्यामानाने किरकोळ आहे.

वेग किती घ्यावा?

जाहिरातीतील वेग मेगाबिटमध्ये असतो आणि आपण फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. उत्तम प्रतीच्या, म्हणजे एचडी चित्रपटाला साधारण ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ ते २५ एमबीपीएस पुरतात. चौघांच्या कुटुंबाला ५० ते १०० एमबीपीएस पुरेसे आहेत. ३०० घेऊन बहुतेकांना फरक जाणवणार नाही. घरून काम करणाऱ्यांनी मात्र अपलोडचा वेगही तितकाच आहे काय, आणि ठरावीक डेटा संपल्यावर वेग किती उरतो, हे विचारावे.

वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचे. त्याची माहिती कंपनीचा प्रतिनिधी देऊ शकत नाही, आपल्याच विंगमधील शेजारी देतात. रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान चित्र अडखळते काय, रस्ता खोदल्यावर तार तुटली तर दुरुस्तीस किती दिवस लागतात, हे त्यांना विचारावे. आणखी एक प्रश्न फारसे कोणी विचारत नाही : वीज गेल्यावर काय होते? काही स्थानिक सेवादार इमारतीपर्यंत फायबर आणून पुढे लॅनच्या तारा पसरतात. त्यासाठी लिफ्टच्या खोलीत वा डक्टमध्ये विजेवर चालणारा स्विच असतो. इमारतीची वीज गेली की तो बंद, मग घरातील इन्व्हर्टरचा उपयोग नाही. घरापर्यंत फायबर देणाऱ्या पद्धतीत इमारतीतील विभाजकाला सहसा वीज लागत नाही, त्यामुळे राउटरला छोटी बॅटरी जोडली तरी काम भागते.

तार येऊच शकत नसेल तर २०२३ पासून ५-जी लहरींवरील घरगुती जोडणी उपलब्ध आहे. तिचा दर्जा टॉवर किती जवळ आणि खिडकी कोणत्या बाजूला, यावर अवलंबून. पैसे भरण्यापूर्वी त्याच कंपनीचे ५-जी सिम असलेला फोन त्याच खिडकीत ठेवून संध्याकाळी वेग मोजावा.

पैसे भरताना

जाहिरातीतील आकडा बहुधा करापूर्वीचा असतो. ५९९ रुपयांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला की ७०६ रुपये ८२ पैसे होतात. जोडणी शुल्क, राउटरची अनामत, ती परत मिळण्याची अट हे सारे पावतीवर लिहून घ्यावे. सोबत मिळणाऱ्या चित्रपट ॲपची वर्गणी किती महिन्यांची आहे आणि मोबाइलपुरतीच तर नाही ना, हेही पाहावे. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सवलत मिळते. परंतु नव्या घरात पहिले तीन महिने मासिक शुल्कावरच काढावेत. पावसाळ्याचा एक महिना त्यात आला तर फारच उत्तम.

इंटरनेट सेवेत बिघाड झाल्यास तक्रार क्रमांक घ्यावा. नुसत्या फोनवरील आश्वासनाला पुढे आधार राहत नाही. निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत असे २००९ च्या एका निकालाच्या आधारे पूर्वी सांगितले जाई. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी हा संभ्रम दूर केला. अशी तक्रार ग्राहक आयोगाकडे थेट नेता येते. सेवा बंद करताना बॉक्स व राउटर परत केल्याची सहीशिक्क्याची पोच घ्यावी, नाहीतर अनामत तर जातेच, वर उपकरणाची किंमत मागणारे फोन सुरू होतात.